विश्लेषण : ट्रायथलॉनमध्ये पायांआधी पोट का हरते?

गोव्यातील ‘आयर्नमॅन ७०.३’मध्ये १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकलिंग आणि २१.१ किलोमीटर धावणे सलग पूर्ण करावे लागते. वर्षभर पहाटे उठून सराव केलेल्या हौशी स्पर्धकांपैकीही काही जण शेवटच्या टप्प्यात कोलमडतात. पाय जड, मळमळ, मग नुसतेच चालणे. खापर सरावावर फुटते; चूक अनेकदा खाण्यात असते.

नेमके काय बिघडते?
स्नायू आणि यकृतातील ग्लायकोजेनचा साठा काही तासांच्या श्रमात आटत जातो. म्हणूनच लांबच्या शर्यतीत तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदके घेण्याचा सल्ला दिला जातो. मध्यम केळ्यातून जेमतेम २५ ग्रॅम मिळतात. भूक लागेल तेव्हा एखादे केळे, हा हिशेब इथे पुरत नाही. त्यात आतडे एकटे ग्लुकोज तासाला सुमारे ६० ग्रॅमच शोषते. फ्रुक्टोजची वाट वेगळी, त्यामुळे दोन्हींच्या मिश्रणातून जास्त ऊर्जा मिळते. साध्या साखरेत दोन्ही असतात!

पुढच्या वर्षी उतरायचे तर?
सराव आतड्यालाही लागतो. रविवारच्या लांब राइडमध्ये तासाला ४० ग्रॅमपासून सुरुवात करून प्रमाण हळूहळू वाढवावे. जास्तीत जास्त खाणे सायकलवरच उरकावे. धावताना पोट हिंदकळते. दमट हवेत घामातून मीठही जाते. अशा वेळी नुसतेच पाणी ढोसत राहिल्यास रक्तातील सोडियम घटून जिवावर बेतू शकते. सरावाआधी आणि नंतर वजन करावे. एक किलो घट म्हणजे साधारण लिटरभर घाम. मध्ये प्यायलेले पाणी त्यात मिळवायचे. आदल्या दिवशी स्टॉलवर घेतलेले नवे जेल मात्र शर्यतीत फोडू नये.