तळ्याला जलपर्णीचा वेढा पडण्याआधी

हिवाळा सरत आला की महाराष्ट्रातल्या बऱ्याच शहरांत जलपर्णी काढण्याच्या ठेक्याची चर्चा सुरू होते. पुण्यात पाषाण तलाव आणि मुळा-मुठा, मुंबईत पवई, इचलकरंजीजवळ पंचगंगा, नाशिकला गोदावरी. कोल्हापूरकडे तिला केंदाळ म्हणतात, नाशकात पाणवेली, वनस्पती तीच. यंत्रं पाण्यात उतरतात, हिरव्या ओल्या ढिगांनी डंपर भरतात, वर्तमानपत्रात स्वच्छ पाण्याचा फोटो येतो आणि पुढच्या वर्षी त्याच सुमारास तोच ठेका पुन्हा निघतो. यात कुणाची तरी हयगय असतेच. पण हयगय नसतानाही ही पद्धत हरते, आणि ती का हरते हे कळायचं तर आधी ही वनस्पती जगते कशी ते पाहायला हवं.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतल्या अमेझॉनच्या खोऱ्यातली. फिकट जांभळी फुलं, वरच्या पाकळीवर निळ्या कडेचा पिवळा ठिपका. या देखणेपणापायी एकोणिसाव्या शतकात लोकांनी ती जगभर बागांमध्ये नेली. भारतात ती त्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये पोहोचली. काही दशकांतच तिथली भातखाचरं, खाड्या आणि होड्यांचे रस्ते तिने असे भरले, की १९३६ साली तिच्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. आपल्या जागेत ती ठेवायची नाही आणि काढण्याच्या कामात हातभार लावायचा, असं बंधन त्याने लोकांवर घातलं. म्हणजे हा प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळापासूनचा आहे.

तिची मुळं जमिनीत नसतात. देठ फुगीर, आतून पोकळ जाळीचा. त्यात हवा भरलेली असते म्हणून ती तरंगते. खाली काळपट-जांभळ्या मुळांचा पिसासारखा झुबका लोंबतो आणि तो थेट पाण्यातून अन्न ओढतो. वाढायला तिला बियांची वाट पाहावी लागत नाही. रोपाच्या बुडातून आडवा धुमारा फुटतो, त्याच्या टोकाला नवं रोप धरतं, ते मोठं झालं की धुमारा तुटतो आणि पिल्लू वाऱ्यावर निघून जातं. ऊबदार, अन्नाने भरलेल्या पाण्यात तिने व्यापलेली जागा साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते.

हे दुप्पट होणं चक्रवाढ व्याजासारखं चालतं आणि आपला अंदाज नेमका इथेच चुकतो. समजा, तळ्याचा सोळावा हिस्सा हिरवा दिसतो आहे. पंधरा हिस्से पाणी मोकळं आहे, त्यामुळे कुणाला घाई वाटत नाही. पण सोळाव्यातून आठवा, आठव्यातून पाव, पावातून अर्धं, अर्ध्यातून पूर्ण, अशा चारच पायऱ्या उरलेल्या असतात. म्हणजे आठ आठवडे. आता हाच हिशेब उलटा करून बघा. पूर्ण झाकलेल्या तळ्यातून ठेकेदाराने फेब्रुवारीच्या अखेरीला ९९ टक्के जलपर्णी काढली. काम उत्तमच म्हणायला हवं. उरलेल्या एका टक्क्याला तळं पुन्हा भरायला सात वेळा दुप्पट व्हावं लागतं. चौदा आठवडे, म्हणजे जूनचा पहिला आठवडा. त्याने आणखी मेहनत घेऊन ९९.९ टक्के काढली असती, तरी फक्त सहा आठवडे जास्त मिळाले असते. यंत्राने किती टन उपसले याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. किती रोपं मागे राहिली आणि त्यानंतर दर आठवड्याला ती वेचायला कुणी आलं का, यावर सगळं ठरतं.

झाकलेल्या तळ्याचं काय होतं ते थोडक्यात सांगतो. खाली उजेड पोहोचत नाही, पाण्याखालच्या वनस्पती मरतात, कुजणारा पाला प्राणवायू खातो, मासे गुदमरतात. होडी चालत नाही, जाळं टाकता येत नाही. मॅन्सोनिया नावाच्या डासाच्या अळ्या तर अशा तरंगत्या वनस्पतींच्या मुळांना भोक पाडून त्यातूनच श्वास घेतात. तो डास हत्तीरोगाच्या एका प्रकाराचा वाहक आहे.

आता ती तळ्यात येते कुठून, हे पाहू. सर्वांत मोठा दरवाजा वरच्या अंगाचा. उजनीचं उदाहरण घ्या. भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं आणि साधारण ११७ टीएमसी पाणी धरतं. पवना, इंद्रायणी, मुळा, मुठा या पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधून वाहणाऱ्या नद्यांचं पाणी शेवटी त्याच जलाशयात येतं. उन्हाळाभर शहरातल्या संथ पात्रात वाढलेले जलपर्णीचे गालिचे पावसाळ्याचा पहिला लोंढा उखडतो आणि खाली ढकलतो. शहरातली नदी आपोआप मोकळी होते. तिथल्या लोकांना वाटतं, पावसाने काम केलं. प्रत्यक्षात ते भिगवण आणि इंदापूरच्या मच्छीमारांच्या वाट्याला गेलेलं असतं. पुण्याने उन्हाळ्यात न काढलेलं रोप उजनीत काढणं कितीतरी अवघड असतं, कारण तिथे पाण्याचा पसारा अफाट आहे आणि यंत्र लावायला काठ जवळ नाही.

म्हणून पहिला उपाय पाणी तळ्यात शिरतं तिथला. नाल्याच्या किंवा नदीच्या मुखाशी तरंगता अडसर बांधतात: जाड तारेच्या दोरावर ओवलेले प्लास्टिकचे ड्रम, खाली हात-दोन हात लोंबणारी जाळी. तो प्रवाहाला काटकोनात बांधायचा नसतो. काटकोनात बांधला की सगळा भार मधोमध येतो आणि दोर तुटतो. तिरका बांधला तर वाहत आलेली जलपर्णी घसरत एका काठाला गोळा होते आणि तिथून पोकलेनने उचलता येते. मोठा पूर येण्याआधी तो सोडवून ठेवावा लागतो. एवढ्या साध्या गोष्टीवर तळ्याचं पुढचं वर्ष अवलंबून असतं, आणि तरीही ज्या तळ्यांवर दरसाल यंत्रांचा खर्च होतो त्यातल्या कित्येकांच्या मुखाशी असा अडसर नसतो. याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरा दरवाजा अन्नाचा. जलपर्णीला नत्र आणि स्फुरद लागतं, आणि सांडपाण्यात दोन्ही भरपूर असतं. पाषाण तलावाला रामनदीतून, पवईला आजूबाजूच्या वस्तीतून मैलापाणी मिळत आलं, म्हणून तिथे ती फोफावली. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. मैलाशुद्धीकरण प्रकल्प झाला की प्रश्न मिटला, असं अनेकांना वाटतं. साध्या पद्धतीचा प्रकल्प पाण्यातली कुजणारी घाण काढतो, दुर्गंधी काढतो. विरघळलेलं नत्र आणि स्फुरद मात्र त्यातून बऱ्याच प्रमाणात तसंच पुढे जातं. ते काढायला वेगळी प्रक्रिया जोडावी लागते. तेव्हा प्रकल्पाचं पाणी तळ्यात सोडणार असतील, तर ते किती स्वच्छ दिसतं यापेक्षा त्यात स्फुरद किती उरतं, हे विचारलं पाहिजे. अन्न तुटल्याशिवाय दुप्पट होण्याचा वेग मंदावत नाही.

काढण्याच्या कामातही क्रम महत्त्वाचा आहे. फुलोरा आला की एका दांड्यातून शेकडो बारीक बिया पाण्यात पडतात, तळाच्या गाळात बसतात आणि पंधरा-वीस वर्षंही जिवंत राहू शकतात. उन्हाळ्यात पाणी ओसरून काठचा गाळ उघडा पडला की त्या रुजतात. म्हणून काम फुलोऱ्याच्या आधी व्हायला हवं, आणि स्वच्छ केलेल्या तळ्याच्या काठावर पुढची बरीच वर्षं कोवळ्या रोपांसाठी नजर ठेवायला हवी. उपसलेला ढीग काठावरच टाकणं हा तर सर्रास दिसणारा प्रकार. त्या रोपांत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ढिगाच्या आतली रोपं ओलसर राहतात आणि पहिल्या पावसात पुन्हा तळ्यात उतरतात. ढीग पाण्याच्या रेषेपासून दूर, उन्हात, पातळ पसरून वाळवला पाहिजे. त्याचं खत होतं, बायोगॅस होतो, देठांच्या टोपल्याही विणतात. कारखान्यांचं पाणी येणाऱ्या नदीतली असेल तर खत करण्याआधी जड धातूंची तपासणी हवी, कारण ती ते शोषून घेते. जलपर्णीपासून उत्पन्न मिळवण्याच्या योजना चांगल्या आहेत, मात्र त्यांना तळं वाचवण्याचा उपाय समजू नये. कच्चा माल संपावा असं कुठल्याच उद्योगाला वाटत नाही.

तणनाशक फवारण्याचा मार्ग मला पिण्याच्या किंवा मासेमारीच्या तळ्यासाठी अजिबात मान्य नाही. मेलेला गालिचा तळाशी बसून कुजतो, उरलासुरला प्राणवायू संपवतो आणि शोषलेलं सगळं अन्न पाण्याला परत देतो.

जैविक उपाय मात्र खरोखर अभ्यासण्यासारखा आहे. नियोचेटिना नावाचे दोन जातींचे सोंडकिडे दक्षिण अमेरिकेत जलपर्णीवर जगतात. ते इतर पिकांना धोका करत नाहीत याच्या तपासण्या करून १९८० च्या दशकात बेंगळुरूहून भारतात ते सोडले गेले. प्रौढ किडा पानांवर खरवडल्यासारखे डाग पाडतो. खरं काम अळी करते. ती देठ पोखरत बुडापर्यंत जाते, आत पाणी शिरतं, रोप सडून बुडतं. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात १९९० च्या दशकाच्या मध्यावर हे किडे सोडले आणि दशक संपता संपता तिथली जलपर्णी मोठ्या प्रमाणावर घटली. पुढे सांडपाणी वाहतच राहिलं तेव्हा ती काही भागांत परतलीही. किड्यांना परिणाम दाखवायला दोन ते पाच वर्षं लागतात. मधेच यंत्राने सगळं उपसलं किंवा पुराने वाहून नेलं तर किडेही जातात. म्हणजे ज्या संथ तळ्यावर धीर धरता येतो तिथे हा उपाय चालतो. दरवर्षी पूर येणाऱ्या नदीत त्याचा भरवसा धरता येत नाही.

तिसरा दरवाजा आपल्या घराचा आहे आणि तो फक्त वनस्पतींपुरता नाही. उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात सकर मासा येतो. काचेवरचं शेवाळ खाऊन टाकी साफ ठेवतो म्हणून लोक बोटाएवढा सकर घरी आणतात. तो फूटभराहून मोठा होतो, टाकीत मावेनासा होतो, मग जीव घ्यायला नको म्हणून नदीत किंवा तळ्यात सोडतात. अंगावर हाडांचे खवले, परांना काटे; जाळं फाटतं आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. पाण्यातला प्राणवायू कमी झाला तर तो हवा गिळून जगतो. नर काठात बिळं खोदून अंडी सांभाळतो, त्याने काठ ढासळतात. एकदा मोठ्या जलाशयात बस्तान बसलं की त्याला बाहेर काढण्याचा व्यवहार्य मार्ग उरत नाही. आफ्रिकन मांगूरही असाच चिवट आणि शिवाय मांसाहारी. केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पैदाशीवर बंदी घातली, तरी चोरून केलेली त्याची तळी महाराष्ट्रात नंतरही नष्ट करावी लागली. डासांसाठी वाटले जाणारे गप्पी मासेसुद्धा परदेशीच आहेत. बंद हौदात, टाकीत ते जरूर सोडावेत, ओढ्यात आणि तळ्यात नकोत.

जाळी आणि होड्यांचंही तसंच. एका तळ्यातलं ओलं जाळं दुसऱ्यात टाकलं की त्यात अडकलेला धुमारा, बी, अंडी सोबत जातात. न्यूझीलंडमध्ये २००४ साली एक परकं शैवाल नद्यांत सापडल्यावर तिथे साध्या तीन पायऱ्यांची मोहीम सुरू झाली: तपासा, धुवा, वाळवा. एका तलावातून दुसऱ्याकडे जाणारा हार्वेस्टरही याच नियमाने धुवायला हवा. जलपर्णी काढायला आलेलं यंत्रच ती पुढच्या तळ्यात पोहोचवू शकतं.

शेवटी वाचकांना विनंती. दिवाळीनंतर, पाणी स्थिरावलं की आपल्या गावच्या तळ्याला एक फेरी मारा. फुगीर देठाचं रोप दिसलं तर ते हलकेच उचलून पाहा. कमळ, कुमुद, शिंगाडा गाळात रुजलेले असतात, त्यांना हात लावू नका. अलगद सबंध मुळांसकट हातात आलं तर ती जलपर्णी. ती पाण्यापासून लांब उन्हात टाका. आणि नगरपालिकेला, ग्रामपंचायतीला लेखी विचारा: तळ्याच्या मुखाशी अडसर आहे का, आणि जलपर्णीचा ठेका उपसलेल्या टनांवर दिला आहे, की वर्षभर तळं मोकळं ठेवण्यावर? दुसऱ्या प्रकारचा ठेका मागा. नोव्हेंबरात होडीतून रोपं वेचणारी चार माणसं मार्चमधल्या यंत्रापेक्षा स्वस्त पडतात.