परसात चार कोंबड्या पाळायच्यात? मग आधी मुंगसाचा विचार करा

घरची ताजी अंडी, मुलांना एक नवा छंद आणि ओल्या कचऱ्याचं सोन्यासारखं खत. परसात कोंबड्या पाळायच्या म्हटलं की आपल्याला हे सगळं आधी दिसतं. बेंगळुरूत थोडी मोकळी जागा असलेल्या घरांमध्ये आजही अशा दोन-चार कोंबड्या दिसतात. इथे गावरान कोंबडीला ‘नाटी कोळी’ म्हणतात आणि तिच्या अंड्याला बाजारात चांगला भाव असतो.

पण खुराडं बांधायला बसलं की बहुतेकांची एकच चूक होते. कोंबडी बाहेर पळू नये, एवढाच विचार करून ते बांधलं जातं. खरं तर कोंबडी संध्याकाळी स्वतःहून घरी येते. तिला अंधारात फारसं दिसत नाही, म्हणून दिवस मावळायला लागला की ती आपली नेहमीची जागा गाठतेच. तिला आत ठेवणं सोपं असतं. अवघड असतं ते बाकीच्यांना बाहेर ठेवणं.

गावाकडचं खुराडं इथे का चालत नाही?

गावाकडे कोंबड्या दिवसभर अंगणात, उकिरड्यावर फिरायच्या आणि रात्री भिंतीतल्या खुराड्यात किंवा डालग्याखाली जायच्या. बऱ्याचदा ते डालगं घरातच, माणसांच्या शेजारी असायचं. ओसरीवर कुणीतरी झोपलेलं असायचं, दारात कुत्रा असायचा. खुराडं छोटं आणि साधं असलं तरी भागायचं, कारण राखण माणसं करत होती.

शहरात दार लावून आपण आत झोपतो आणि दिवसा कामाला जातो. त्यामुळे इथे दोन गोष्टी बांधाव्या लागतात: रात्रीसाठी बंद खुराडं आणि दिवसासाठी त्याला जोडलेलं जाळीचं अंगण. माणसांनी करायची राखण इथे जाळीला आणि कडीला करावी लागते.

कोण कधी येतं?

मुंगूस दिवसा शिकार करतं. घार आणि शिक्राही दिवसाच येतात, आणि बेंगळुरूच्या आकाशात घारींची काही कमी नाही. भटकी कुत्री कधीही येतात. रात्री पाळी असते घुशीची, मांजराची आणि झाडाझुडपांच्या भागात उदमांजराची. घूस जमीन पोखरून आत शिरते आणि अंडी, पिल्लं पळवते. धामण किंवा नागही अंड्यांच्या वासाने येऊ शकतो.

म्हणजे धोका वरून, बाजूने आणि जमिनीखालून, तिन्हीकडून असतो. एक बाजू उघडी राहिली तर बाकीच्या दोन बाजूंवर केलेला खर्च वाया जातो.

जाळी कुठली घ्यावी?

दुकानात ‘कोंबडीची जाळी’ म्हणून मिळणारी षटकोनी भोकांची पातळ जाळी स्वस्त असते. ती कोंबडीला अडवते, पण कुत्रा ती दातांनी फाडू शकतो आणि मांजर भोकातून पंजा घालू शकतं. म्हणून निदान खुराड्याला आणि अंगणाच्या खालच्या तीन फुटांना अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची, वेल्डिंग केलेली जाडसर जाळी लावा. अर्ध्या इंचातून मोठा उंदीरही जात नाही. वरच्या भागाला आणि छताला साधी जाळी चालेल, पण छत हवंच.

जमिनीखालच्या पाहुण्यांसाठी एक सोपी युक्ती आहे. जाळी भिंतीपाशी संपवू नका. ती काटकोनात वळवून बाहेरच्या बाजूला दीड फूट जमिनीवर पसरा आणि वर माती, विटा टाका. उकरणारा प्राणी नेहमी भिंतीला लागूनच उकरायला सुरुवात करतो. तिथे जाळी लागली की तो थांबतो. दीड फूट मागे जाऊन उकरावं, हे त्याला सहसा सुचत नाही.

मापं: चार कोंबड्यांसाठी

खुराडं ४ फूट बाय ४ फूट पुरतं. अंगणासाठी प्रत्येक कोंबडीमागे १० चौरस फूट धरा, म्हणजे ४ बाय १० फूट. अंगणाची उंची ६ फूट ठेवा. कोंबड्यांना एवढी उंची लागत नाही, पण झाडलोट तुम्हाला करायची आहे. वाकून करावं लागणारं काम चार दिवसांनी टाळलं जातं.

खुराडं जमिनीपासून दीड फूट उंच पायांवर उभं करा. खाली ओल धरत नाही आणि दुपारी कोंबड्यांना तिथे सावली मिळते. आत झोपायला दोन इंच रुंद, कडा घासून गोल केलेली लाकडी दांडी लावा. प्रत्येक कोंबडीला ८ ते १० इंच जागा लागते. अंडी घालायला फूटभर लांब, रुंद आणि उंच अशी एक-दोन खोकी पुरतात. खोकं दांडीपेक्षा खाली हवं. कोंबडी झोपायला सगळ्यात उंच जागा शोधते. खोकं वर असलं तर ती त्यातच झोपेल आणि अंडी विष्ठेने माखतील.

छताला उतार द्या आणि पत्रा भिंतीबाहेर फूटभर काढा. बेंगळुरूत पाऊस वाऱ्याबरोबर तिरका येतो. पत्रा एप्रिलमध्ये तापतो, म्हणून त्यावर नारळाच्या झावळ्या टाका. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकत अंग थंड करते. भिंतींच्या वरच्या भागात, दांडीच्या वर, हवेसाठी जाळीच्या खिडक्या ठेवा. हवा खेळली नाही तर विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाने कोंबड्यांचे डोळे आणि श्वास दोन्ही बिघडतात.

तळाशी तीन-चार इंच भाताचं तूस पसरा, ते अधूनमधून खालीवर करा. ते कोरडं राहिलं तर वास येत नाही आणि शेजारी तक्रार करत नाहीत. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, पिल्लांसाठी लागतो. पहाटे चारची बांग शेजाऱ्यांना नको असेल तर फक्त कोंबड्या ठेवा. सोसायटीचे आणि महापालिकेचे नियमही आधीच विचारून घ्या.

कोंबड्या कुठून आणायच्या?

परसबागेसाठी आपल्याकडे लोकप्रिय असलेली ‘गिरिराज’ ही जात बेंगळुरूच्याच हेब्बाळमध्ये, कृषी विद्यापीठात तयार झाली. तिचा पिसारा रंगीत असतो. पांढऱ्या कोंबडीपेक्षा ती घारीच्या नजरेत कमी भरते. अंगाने जड असल्यामुळे तिच्यासाठी दांडी दीड फुटापेक्षा उंच नको. बेंगळुरूजवळ हेसरघट्टा इथे केंद्र सरकारची कुक्कुटपालन प्रशिक्षण संस्था आहे. महाराष्ट्रात पुण्याजवळ खडकीला सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे.

कोंबड्या घेताना मानमोडीची लस दिली आहे का, हे विचारा. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा आणि साधारण आठव्या आठवड्यात पुढची लस देतात. वेळापत्रक पशुवैद्यांकडून घ्या. नवी कोंबडी आणली तर तिला दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा. भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला होता. तेव्हा लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. म्हणून कोंबड्या अचानक पटापट मरू लागल्या तर हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवा. एरवीही मुलांनी कोंबडीला हात लावला की साबणाने हात धुवायचे, हा घरचा नियम करा.

खाण्याची शिस्त

एका कोंबडीला दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागतं. नुसत्या शिळ्या भातावर ती अंडी देणार नाही. अंड्याचं कवच कॅल्शियमचं असतं, त्यासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि सांडलेलं संध्याकाळी उचला. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. अंडीही रोज गोळा करा.

सगळ्यात महत्त्वाची कडी

दाराला दोन कड्या लावा, एक वर आणि एक खाली. साधी फिरवायची पट्टी कुत्र्याच्या धक्क्याने सुटते. पण उत्तम कडीसुद्धा कुणीतरी लावली तरच कामाची. रोज अंधार पडण्याआधी कोंबड्या मोजून दार बंद करायचं, हे काम वर्षाचे ३६५ दिवस असतं. पाऊस असो, पाहुणे असोत किंवा मॅच रंगात आलेली असो. एक संध्याकाळ विसरली तर मुलांनी नावं ठेवलेल्या चारही कोंबड्या सकाळी नसतील.

म्हणून जाळी आणायला जाण्याआधी घरात सगळे एकत्र बसा आणि दोन गोष्टी ठरवा. रोज दार कोण लावणार, आणि आपण गावी गेल्यावर कोण लावणार. ही दोन नावं पक्की झाली की मग खुशाल हातोडा घ्या.