दहा-पंधरा संगणकांचं कार्यालय आणि कोकणातलं वर्ष

रत्नागिरीतल्या मध्यम आकाराच्या कार्यालयात संगणक सांभाळायला वेगळा माणूस बहुधा नसतो, मग ती पतसंस्था असो, सीएचं ऑफिस असो की मिरजोळे एमआयडीसीतला एखादा कारखाना. अकाउंट्समधल्या ज्याला त्यातलं थोडंफार कळतं, त्याच्याच गळ्यात हे काम पडतं. हा लेख त्याच्यासाठी आहे. मोठ्या शहरांसाठी लिहिलेले सल्ले त्याला अर्धेच लागू पडतात, कारण इथलं वर्ष मार्चअखेर, आंबा आणि पाऊस यांच्या तालावर चालतं.

कधी हात लावायचा

मार्चमध्ये टॅलीच्या मशीनला हात लावू नये. आंब्याशी संबंध असलेल्या कार्यालयात मे संपेपर्यंत लावू नये. मासळीच्या धंद्यातल्यांना जून-जुलैच्या मासेमारी बंदीत उसंत मिळते, पण नेमका तेव्हाच विजेचा लपंडाव चालू असतो. विंडोज अर्धं चढलेलं असताना लाइट गेली की काम दुप्पट. फॉरमॅट, नवी मशीन, खात्यांची फेररचना यांना गणपतीनंतरचे दिवस किंवा जानेवारी-फेब्रुवारी बरे. यूपीएसच्या बॅटऱ्या मात्र मे महिन्यातच तपासाव्यात.

विंडोज १० चं काय करायचं

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेली मशीन जवळजवळ सगळी बाद. अट चुकवून विंडोज ११ टाकून देणारे गावोगावी भेटतात; पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

संस्थांना पैसे भरून तीन वर्षांपर्यंत वाढीव अपडेट घेता येतात. पहिल्या वर्षाचा जाहीर दर मशीनमागे ६१ डॉलर आहे आणि तो दरवर्षी दुप्पट होतो. दुसऱ्या वर्षी जाग आली तर पहिल्या वर्षाचेही पैसे भरावे लागतात. जुन्या मशीनवर एवढा खर्च करण्यापेक्षा नवीन घ्यावं, असं माझं मत. ज्या मशीनवर फक्त ब्राउझर आणि प्रिंट एवढंच काम असतं, तिथे लिनक्स मिंट चालून जातं. टॅली किंवा डिजिटल सहीचं टोकन असलेल्या मशीनवर मात्र हा प्रयोग नको.

ॲडमिन कोण

रोजचं काम करणाऱ्याचं खातं साधं असावं, ॲडमिनचं खातं वेगळं. मालकाचंसुद्धा साधंच. हे सांगताना थोडं अवघड होतं, पण सांगावं. प्रत्येक मशीनचा ॲडमिन पासवर्ड वेगळा ठेवावा आणि यादी बंद पाकिटात तिजोरीत.

हल्लीच्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरुवात केली की डिस्क बहुतेकदा आपोआप कुलूपबंद होते आणि तिची ४८ अंकी रिकव्हरी की त्याच खात्यात जाते. हे खातं नोकरी सोडून गेलेल्या मुलाचं किंवा मशीन बसवून देणाऱ्या दुकानदाराचं निघालं, तर मदरबोर्ड बदलण्याच्या दिवशी सगळा डेटा समोर असून हाती लागत नाही. आज बसून प्रत्येक मशीनची की उतरवून घ्या.

अपडेट आधी एकावर

मायक्रोसॉफ्टची मासिक अपडेट दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेत निघतात. आपल्याकडे ती रात्री येतात. एक-दोन कमी महत्त्वाच्या मशीनवर आधी जाऊ द्यावीत आणि आठवड्याने बाकीच्यांवर. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष फाइलीने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बसली. म्हणून अपडेट बंदच करून टाकायची, हा उपाय त्याहून वाईट. का, ते पुढे.

न्हावा शेवा, घाना आणि बॅकअप

जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक पुसले आणि न्हावा शेवा बंदरातलं तिचं टर्मिनल ठप्प झालं. व्हायरस ज्या भगदाडांतून पसरला, त्यातल्या एकाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. कंपनीकडे लोकांची खाती आणि अधिकार सांभाळणारे सुमारे दीडशे सर्व्हर होते, एकमेकांची नक्कल ठेवणारे. सगळे एकदमच गेले. वाचला तो घानामधला एक, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती! त्याच प्रतीवरून पुढे सगळं उभं राहिलं. महावितरणला रोज बोल लावणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा किस्सा जपून ठेवावा.

जोडलेली प्रत म्हणजे बॅकअप नव्हे, एवढं यातून कळतं. मशीनला कायम लावून ठेवलेली यूएसबी हार्डडिस्क व्हायरस मूळ फाइलींसोबतच खातो. दोन डिस्क घ्याव्यात, आलटूनपालटून वापराव्यात, काम झालं की काढून ठेवाव्यात. आणि एक प्रत गावाबाहेर, क्लाउडवर किंवा कोल्हापूरच्या शाखेत. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तळमजले बुडाले. कार्यालय आणि मालकाचं घर एकाच पूररेषेत असेल, तर घरी नेलेली डिस्क कशी वाचणार?

महिन्यातून एकदा टॅलीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून पाहावा. कालची व्हाउचरं दिसली तरच तो बॅकअप.

मराठी फाइली

फॉरमॅट करण्यापूर्वी फॉन्टचं फोल्डर आणि श्रीलिपीसारख्या पॅकेजचा परवाना जपावा. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधली इतिवृत्तं फॉन्ट गेला की अगम्य दिसतात. नवं काम युनिकोडमध्येच. इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये असतोच.

दमट हवा

सीपीयू जमिनीवर ठेवू नये. पावसाळ्यात न लागणारं मशीनही दर दोन-चार दिवसांनी तासभर चालू ठेवावं. चालू होताना नुसती बीप देत असेल, तर वायर काढून रॅमचे पाय खोडरबराने पुसून पाहावेत. खाऱ्या हवेत निम्मी दुरुस्ती इथेच संपते. जांभ्याच्या कातळावर अर्थिंग नीट मिळत नाही, ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्यावं.

संशय आला की

फाइली उघडेनाशा झाल्या, नावं बदललेली दिसली, तर आधी नेटवर्कची केबल काढावी, वायफाय बंद करावं. मशीन फॉरमॅट करू नये, पुरावा जातो. पडद्याचा फोटो घ्यावा, वेळ लिहावी. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवायची असते, आणि हा नियम कंपन्यांनाही लागू आहे. बॅकअपची डिस्क त्या मशीनच्या जवळपासही नेऊ नये.