गच्चीवरच्या फेऱ्या

मागच्या वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी झाली. घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्यांची यादी दिली, शेव आणि कचोरी बंद केली (इंदूरच्या माणसाला शेव बंद म्हणजे काय, ते इंदूरवाल्यांनाच कळेल) आणि शेवटी म्हणाले, "काका, रोज अर्धा-पाऊण तास चाला. याच्याएवढं मोठं औषध नाही." आम्हाला बरं वाटलं. सगळ्या उपचारांत हे एकच फुकट होतं.

चौथ्याच दिवशी बाबा गुडघा फोडून घरी आले. फुटपाथवर एका घराचा रॅम्प आला म्हणून खाली उतरत होते, कडेवरून पाय घसरला. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू, त्यामुळे साधं खरचटलेलं, पण रक्त थांबेना. दोन अनोळखी मुलांनी उचललं, पाणी दिलं, स्कूटरवर बसवून घरी आणून सोडलं. आपल्या शहरात माणसं चांगली आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण दुसऱ्या दिवसापासून बाबा गच्चीवर चालायला लागले. पाण्याच्या टाकीभोवती साठ फेऱ्या. मी खाली ऑफिसच्या कॉलवर असायचो आणि डोक्यावर त्यांच्या चपलांचा आवाज यायचा. देशातलं सगळ्यांत स्वच्छ शहर, आणि त्यात अडुसष्ट वर्षांचा माणूस टाकीला प्रदक्षिणा घालतोय!

स्वच्छतेचा मला मनापासून अभिमान आहे, हे आधीच सांगतो. 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर वर्षानुवर्षं पहिलं येत राहिलं, ते काही उगाच नाही. आमच्या घरात कचरा सहा प्रकारांत वेगळा होतो आणि त्यात चूक झाली तर माझी सहा वर्षांची लेक पाहुण्यांनाही सोडत नाही. देवगुराडियाला जिथे कचऱ्याचे डोंगर होते, तिथे 2022 पासून रोज 550 टन ओल्या कचऱ्यातून बायो-सीएनजी करता येईल असा प्रकल्प उभा आहे. पुण्या-मुंबईचे नातेवाईक आले की आम्ही त्यांना राजवाडा आणि सराफा तर दाखवतोच, आणि वर "बघा, कुठे कागदाचा कपटा दिसतोय का" असंही म्हणतो.

पण शहर स्वच्छ असणं आणि शहर तब्येतीला चांगलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या चपलांच्या आवाजाने कळलं. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात जे मोजलं जातं तेच सुधारतं, बाकीचं मागे पडतं. कचरा मोजला गेला, त्यावर नंबर मिळाले, कचरा सुधारला. बाबांचं चालणं कुणी मोजलं नव्हतं. म्हटलं, आपण मोजू.

एका रविवारी सकाळी बाबा पुढे आणि मी टेप घेऊन मागे, असे निघालो. घर ते बगीचा, 850 मीटर. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठी एक नियमावली आहे, आयआरसी 103. वस्तीतल्या फुटपाथवर चालायला कमीत कमी 1.8 मीटर मोकळी जागा हवी, म्हणजे दोन माणसं शेजारून जाऊ शकतील एवढी. आणि फुटपाथची उंची 150 मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण अर्ध्या फुटापेक्षा, जास्त नको. आमच्या वाटेवर मोकळी जागा बहुतेक ठिकाणी मीटरभरही भरली नाही. उंची काही ठिकाणी फूटभर. घरात जिन्याची पायरीसुद्धा आपण एवढी उंच करत नाही.

850 मीटरमध्ये बाबांना 23 वेळा फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरावं लागलं. त्यांतले 14 घरांचे रॅम्प, 4 उभ्या गाड्या, 2 डीपी, एक फुटकं चेंबर, एक जाहिरातीचा खांब आणि एक पाणीपुरीचा ठेला. (ठेल्याबद्दल मी तक्रार करणार नाही. बाबांची तिथे ओळख निघाली, म्हणून तर मला शंका आली.) वाटेत टेकायला एक बाक नाही. मोठा रस्ता ओलांडताना आम्ही तीनदा पाऊल टाकून मागे घेतलं. त्या 23 पैकी एकही गोष्ट घाण नव्हती. सगळं झाडून-पुसून लख्ख होतं.

त्या रात्री "इंदूर कुणी आखलं" हे शोधता शोधता मी एका जुन्या अहवालापाशी पोचलो. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनेकडे वळलेले. 1916 मध्ये त्यांनी बडोद्याचा अहवाल लिहिला, आणि 1918 मध्ये होळकर दरबारासाठी इंदूरचा, चांगला दोन खंडांचा. नंतर ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. तुकोजीराव महाराजांच्या काळात ते इथे आले, तेव्हा शहराला प्लेगची भीती होती. साहेब गल्लीबोळांतून नकाशा घेऊन फिरतोय म्हणजे आता घरं पडणार, हाच प्लेग आणणार, असं लोकांना वाटायचं.

मग या गृहस्थांनी महाराजांकडे मागणी केली: मला एका दिवसापुरता इंदूरचा राजा करा. दिवाळीत मिरवणूक निघणार होती. दवंडी पिटली गेली की, या वेळी मिरवणूक ठरलेल्या रस्त्याने जाणार नाही, ज्या वाटेवर सगळ्यांत जास्त घरं झाडून, दुरुस्त करून, रंगवून तयार असतील, त्या वाटेने जाईल. शहरभर झाडलोट सुरू झाली. कचरा फुकट उचलायची सोय केली, हजारो गाड्या कचरा निघाला, उंदीर पकडले गेले. मिरवणुकीत प्लेगचा राक्षस आणि उंदीर होते, शेवटी त्या राक्षसाला रावणासारखं जाळलं. म्हणजे स्वच्छतेची स्पर्धा इंदूरला शंभर वर्षांपूर्वीच लागली होती. कचऱ्याचं सोनं करणंही इथे जुनंच आहे. 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड इथल्या शेती संस्थेत होते. त्यांनी कंपोस्टची जी रीत बसवली ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गेली, आणि त्यावरच्या 1931 च्या पुस्तकावर त्यांच्याबरोबर यशवंत वाड हे नाव आहे. हे नाव वाचून मला उगाचच घरचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

गेडिस मिरवणूक काढून थांबले नाहीत, आणि माझ्या दृष्टीने हे जास्त महत्त्वाचं. नकाशावर रेघ मारण्याआधी ते गल्ली पायी फिरत. रुंद रस्त्यासाठी मोहल्लाच्या मोहल्ला पाडायला त्यांचा विरोध असे. त्यापेक्षा एखादं पडकं घर काढा, तिथे चौक मोकळा करा, झाड लावा, म्हाताऱ्यांना बसायला आणि पोरांना खेळायला जागा होईल, असं त्यांचं सांगणं होतं. डॉक्टर जसा हलक्या हाताने कापतो, लागेल तेवढंच, तसं. शहर त्यांना जिवंत प्राण्यासारखं दिसायचं, आणि प्राण्याची तब्येत नुसती कातडी चकचकीत आहे की नाही यावरून कुणी ठरवत नाही.

हे मी नुसतं फुटपाथबद्दल म्हणत नाहीये. नर्मदेचं पाणी आपल्याकडे जलूदहून, सुमारे 70 किलोमीटरवरून, घाट चढून येतं. 1978 पासून येतंय. इतकं अवघड काम झालं, आणि 2025 च्या डिसेंबरअखेर भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून माणसं दगावली. त्यांच्या गल्लीतूनही कचरागाडी रोज जात होती. त्या आठवड्यात आमच्या घरी आईने पाणी उकळून, गाळून, पुन्हा उकळलं. मी पहिल्यांदा विचार केला की, आपल्या दारात नळाची लाइन कुठे आहे, चेंबर कुठे आहे आणि त्या दोघांत अंतर किती. तुम्हाला तुमच्या घराचं माहीत आहे का? मला नव्हतं. बीई झालो तरी.

आणि लेकीचं काय? तिची शाळा घरापासून एक किलोमीटरही नाही, पण ती व्हॅनने जाते. मी तिच्या वयाचा असताना दप्तर घेऊन याच रस्त्याने चालत जायचो, वाटेत चिंचा पाडायचो. बायको म्हणते, "पाठव की तिला चालत." मी टेपचे आकडे आठवतो आणि गप्प बसतो.

चांगलं उदाहरण आपल्याच शहरात आहे. छप्पन दुकानची गल्ली गाड्यांसाठी बंद केली, सपाट फरशी घातली, बसायला जागा केली. गुडघा बरा झाल्यावर बाबांना एका संध्याकाळी तिथे नेलं. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चार वेळा गेले, आणि मी पाहिलं की ते खाली बघून चालत नव्हते. ओळखीचे दोघं भेटले, पंधरा मिनिटं गप्पा झाल्या. गच्चीवर हे कुठून मिळणार? आता ज्या गल्लीत पथ्यातला एकही पदार्थ मिळत नाही नेमकी तिथेच चालायला उत्तम सोय असावी, याला आपण काय करणार!

मी मोजलेल्या 23 जागांचा नकाशा केला, फोटो जोडले आणि आमच्या मंडळाच्या महिन्याच्या बैठकीत दाखवला. म्हटलं, आपल्यातल्या तरुण मंडळींनी आपापल्या घरापासून जवळच्या बगीच्यापर्यंत असंच एकदा चालायचं, घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला बरोबर घेऊन. सगळे माना डोलावत होते. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक काकू म्हणाल्या, "अरे, पण यात तुमच्या घरचा रॅम्प कुठे आहे?"

नव्हताच. मी मोजायला सुरुवात आमच्या फाटकाच्या पुढून केली होती. घरी येऊन टेप लावला: आमचा रॅम्प फुटपाथवर साडेतीन फूट बाहेर आलेला. मी पहिली गाडी घेतली, तेव्हा हौसेने बांधून घेतलेला, वर चकचकीत टाइल्स लावलेला. म्हणजे बाबा रोज पहिल्यांदा आमच्यामुळेच रस्त्यावर उतरत होते. खरा आकडा 24 होता.

मिस्त्री गेल्या गुरुवारी येऊन तोडून गेला. उतार आता फाटकाच्या आत घेतलाय, अंगण त्यामुळे लहान झालं, गाडी तिरकी लावावी लागते आणि आईची स्कूटी चढवताना मला हाक येते. समोरचे काका दोन दिवस बघत होते. काल त्यांनी मिस्त्रीचा नंबर मागितला. बाबा अजून सकाळी गच्चीवरच जातात, पण संध्याकाळी मला बरोबर घेऊन कोपऱ्यापर्यंत येतात. तेवढ्या वाटेत आता चारदाच उतरावं लागतं.