परकराच्या नाडीखाली

बेल्ह्यात सोमवारी बाजार असला की दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. बैल बघायला आलेला नवरा बाहेर ताटकळलेला, पिशव्या भरून झालेल्या, एसटीची वेळ झालेली. तापाने फणफणलेली बाई बाकावर बसल्या बसल्याच म्हणते, "ताई, सुई मारा अन् सोडा लवकर." तिची घाई मला कळते. तरी श्रावण-भाद्रपदातला ताप पाच दिवसांच्या वर गेलेला असेल, तर मी पडदा ओढते, परकराची नाडी सैल करायला सांगते आणि टॉर्च घेऊन सगळं अंग बघते.

ही शिस्त मला नागपूरने लावली. 2018 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात तिकडे स्क्रब टायफसचे रुग्ण एकामागोमाग एक येऊ लागले, तेव्हा मी तिथल्या एका सरकारी रुग्णालयात शिकत होते. पुस्तकातून आमची समजूत अशी झालेली की हा आजार हिमालयाच्या पायथ्याचा, ईशान्येचा, नाहीतर दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढणाऱ्या सैनिकांचा. सेवाग्रामचे डॉक्टर त्याआधीपासून विदर्भातल्या रुग्णांबद्दल लिहीत होते. पण वॉर्डात खाटा भरेपर्यंत हा आपल्याकडचा आजार आहे, असं कुणाच्या मनात ठसलं नव्हतं.

एक बाई आठवते. आठ दिवसांचा ताप, धाप लागलेली, प्लेटलेट उतरलेल्या. डेंग्यू नाही, मलेरिया नाही. फाइल जाडजूड झालेली. राउंडला आलेल्या सरांनी कागद चाळले आणि विचारलं, "हिची कंबर कुणी बघितली?" पोट सगळ्यांनी तपासलं होतं, पण साडी थोडी बाजूला सारून. सिस्टरने पडदा लावला, नाडी सोडली. डाव्या बाजूला, नाडीचा वळ उमटतो नेमक्या त्या रेषेवर, विडीचा चटका बसावा तशी काळी खपली, म्हणजे एस्कार, होती. एक सेंटिमीटरही नसेल. कडेने किंचित सूज, आणि जांघेत अवधान. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं, म्हणून तिलाही पत्ता नव्हता. डॉक्सिसायक्लिन सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी तिने भाकरी मागितली.

खपली तिथेच का, याला कारण आहे. ओरिएन्शिया सुत्सुगामुशी हा जिवाणू चिगर माइटच्या अळीतून येतो. बोलताना लोक याला गोचीड ताप म्हणतात, पण गोचिडीचा इथे संबंध नाही. माइट आयुष्यात एकदाच, अळी असताना, दुसऱ्या जिवाला चिकटते. जिवाणू तिला आईकडून अंड्यातूनच मिळालेला असतो. साधारण 0.2 मिलिमीटरची ही अळी गवतावर उंदराची वाट बघत असते, आणि खुरपायला बसलेलं माणूस तिच्या वाटेत येतं. ती अंगावर चढत जाते आणि कपडा घट्ट बसतो तिथे अडते. नाडी, पट्टा, चोळीची कड, काख, जांघ. चावलेलं कळत नाही. ताप येतो सहा ते एकवीस दिवसांनी.

तपासण्यांचा आधार पहिल्या आठवड्यात तोकडा पडतो. हा जिवाणू जिवंत पेशीच्या आतच वाढतो, त्यामुळे नेहमीच्या ब्लड कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. आयजीएम एलायझा बहुधा आठवडा उलटल्यावर बोलू लागते. खपलीचा तुकडा पीसीआरला पाठवता येतो, पण त्यासाठी खपली आधी सापडायला हवी. सावळ्या कातडीवर भोवतीची लाली दिसत नाही. काखेत किंवा स्तनाखाली घामाने खपली गळून जाते आणि उथळ, पिवळसर जखम तेवढी उरते. टॉर्च जवळ धरून, कातडीची घडी दोन बोटांनी ताणून बघावं लागतं.

आणि नेमकं हेच बायकांच्या वाट्याला येत नाही. खुरपणी त्यांची, गवताचे भारे त्यांचे, आणि तपासताना मात्र नाडी बघायची, जीभ बघायची, संपलं. आडोसा नाही, सोबत सिस्टर नाही, मग डॉक्टर संकोचतो आणि बाईही पदर आवळून घेते. हा संकोच जिवावर बेतू शकतो. उपचार लांबला तर फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू यांवर आघात होतो. गोरखपूरकडे मुलांच्या मेंदूज्वरामागे हाच जिवाणू मोठ्या प्रमाणात सापडला. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखी महागडी इंजेक्शनं यावर चालत नाहीत. चालतं ते स्वस्त डॉक्सिसायक्लिन, 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. गरोदर बाईला अ‍ॅझिथ्रोमायसिन. अत्यवस्थ रुग्णाला शिरेतून दोन्ही एकत्र दिली तर अधिक फायदा होतो, हे वेल्लोरच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतात झालेल्या चाचणीतून 2023 मध्ये पुढे आलं.

बेल्हे म्हणजे जुन्नरचा पूर्वेकडचा कोरडा पट्टा. इथे जंगल नाही. पण माइटला जंगल लागत नाही. बांधावरचं गवत, झुडपं आणि उंदीर पुरतात, आणि कांदाचाळीच्या आसपास उंदरांना काय तोटा! म्हणून मी विचारते, "मावशी, गवताला गेला होतात का?" उत्तर ठरलेलं असतं, "मग गुरांना घालायचं काय?" तिथून पुढे प्रश्न येतात: बसून खुरपलं का, बांधावर आडव्या झालात का, काढलेली साडी गवतावर वाळत घातली होती का.

इथे मला ती खपली अजून दिसलेली नाही. दिसल्या त्या खुरप्याच्या जखमा, नायटे, नाडीने काचून झालेले जुने काळे वळ. खपली नाही म्हणून आजार नाही असंही नाही. कित्येकांच्या अंगावर ती सापडतच नाही. ताप, अंगदुखी, उतरलेल्या प्लेटलेट आणि शेतातलं काम हे जुळलं, तर मी रिपोर्टसाठी थांबत नाही, डॉक्सिसायक्लिन सुरू करते. एरवी ताप दोन दिवसांत उतरू लागतो. नाहीच उतरला तर दुसरं कारण शोधायचं आणि गरज पडल्यास पुण्याला पाठवायचं. पाठवताना चिठ्ठीवर औषधांच्या वर लिहिते: कानामागे, काख, स्तनाखाली, कंबर, जांघ पाहिली; एस्कार नाही. जे राहून गेलं असेल तेही लिहिते. पाठ पाहिलेली नाही, कृपया पाहावी.