ट्रॉम्बोन घ्यायचा, पण कोणता?

वरातीत बँड वाजत असला की आपलं लक्ष नवरदेवाकडे असतं, फार तर ट्रंपेट वाजवणाऱ्याकडे. त्याच्या मागे एक लांबट पितळी वाद्य खालच्या सुरात गाण्याला टेकू देत चाललेलं असतं, ते कुणाच्या नजरेत भरत नाही. तो ट्रॉम्बोन. आपल्याकडच्या लग्नाच्या बँडमध्ये बहुतेक ठिकाणी तो तीन कळांचा असतो, म्हणजे ट्रंपेटसारख्या कळा दाबून वाजवायचा. लष्कराच्या बँडमध्ये किंवा इंग्रजी सिनेमात दिसतो तो वेगळा. त्याला कळा नसतात. एक लांब नळी उजव्या हाताने पुढे-मागे सरकवायची आणि सूर काढायचे.

आपल्या दुभाषी घरांतल्या मुलांना ही नळी समजावणं सोपं आहे. मराठीत घसरगुंडी, कन्नडात जारुबंडे. त्यातला 'जारु' हा शब्द कर्नाटक संगीतातही आहे. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाणं म्हणजे जारु, आणि आपण मराठीत त्यालाच मींड म्हणतो. सरकत्या नळीच्या ट्रॉम्बोनचं सगळं वैभव या एका शब्दात आहे, आणि त्याची सगळी अडचणही.

हा विषय निघाला तो एका खरेदीमुळे. आमच्या महाविद्यालयाचा एक माजी विद्यार्थी सध्या हैदराबादला शिकतो. त्याचे वडील आमच्या तालुक्यातल्या बँडचे मास्तर. पंचवीसेक वर्षं कळांचा ट्रॉम्बोन वाजवतात. मुलगाही लहानपणापासून तोच वाजवत आला. आता त्याला वायुदलाच्या वादकांच्या भरतीला बसायचं आहे. अग्निवीरवायू म्हणून वादक घेतात, दहावी पास लागतं आणि समोर वाद्य वाजवून दाखवावं लागतं. मुलाचं म्हणणं, मला सरकत्या नळीचा हवा. वडिलांचं म्हणणं, घरात एक असताना दुसरा कशाला? एका लग्नसराईची शिल्लक त्यात जाणार होती. मी कॉलेजात असताना एन.सी.सी.च्या बँडमध्ये यूफोनियम वाजवत असे, तेवढ्या भांडवलावर मला पंच म्हणून बोलावणं आलं. श्रावणात बँडला सुट्टीच असते, म्हणून एका रविवारी आम्ही बिदरहून रेल्वेने सिकंदराबाद गाठलं.

हैदराबाद आपल्याला परकं कधीच वाटत नाही. 1956 पर्यंत बिदर, गुलबर्गा, रायचूर आणि सगळा मराठवाडा त्याच राज्यात होता. अजूनही सोनं, शस्त्रक्रिया आणि शिक्षण यांसाठी आपली वाट तिकडेच वळते. शिवाय वाजंत्रीच्या बाबतीत हे शहर पहिल्यापासून हौशी. निजामाच्या आफ्रिकन घोडदळातल्या सिद्दी लोकांनी आणलेला मर्फा आजही तिथल्या वरातीत वाजतो, आणि त्यांच्या वस्तीला अजून ए. सी. गार्ड्स असंच नाव आहे. सिकंदराबादला तर छावणीच. ऑर्डनन्सचं, ई.एम.ई.चं अशी सैन्याची केंद्रं तिथे असल्याने निवृत्त लष्करी वादकही त्या भागात भेटतात. तिरुमलगिरीच्या बाजूला राहणारे असे एक उस्ताद मुलाच्या ओळखीचे निघाले. त्यांच्याकडे तीन-चार जुनी वाद्यं विकायला होती.

उस्तादांनी वाद्याला हात लावू दिला नाही. आधी मुलाला हात पुढे ताणून उभं राहायला सांगितलं. सरकत्या नळीवर सात जागा असतात. पहिल्या जागेला नळी पूर्ण आत, आणि पुढची प्रत्येक जागा अर्ध्या सुराने खाली. सातव्या जागेला नळी साधारण दोन फूट पुढे जाते. दहा-बारा वर्षांच्या मुलाचा हात तिथवर जात नाही. 'कैगे एटकल्ल' म्हणतात ना, तसं. पालकांनी हे ध्यानात ठेवावं. लहान मुलासाठी मग दोन वाटा राहतात. काही ट्रॉम्बोनना मागच्या बाजूला जादा नळीचं वेटोळं असतं आणि डाव्या अंगठ्याची एक कळ दाबली की हवा त्यातून फिरते. त्याला एफ ट्रिगर म्हणतात. सहाव्या जागेचा खालचा सा त्यामुळे पहिल्याच जागेवर मिळतो. (पाश्चात्त्य सी म्हणजे आपला सा नव्हे हे मला ठाऊक आहे, संगीतशिक्षकांनी क्षमा करावी.) पण त्याने वजन वाढतं, किंमतही वाढते, आणि सगळा भार डाव्या हातावर येतो. दुसरी वाट प्लॅस्टिकच्या ट्रॉम्बोनची. तो किलोभराच्या आतच भरतो, आदळला तरी पोचा पडत नाही. शिकायला उत्तम, भरतीला नेऊ नये.

आमच्या मुलाचा हात पोचला. मग उस्तादांनी दोन वाद्यं पुढे ठेवली. दिसायला जुळी भावंडं. फरक होता नळीच्या पोटात. एकाचा आतला व्यास 12.7 मिलिमीटर, म्हणजे बरोबर अर्धा इंच, दुसऱ्याचा 13.9. वाचताना हसू येईल, सव्वा मिलिमीटरनं असं काय होतं? पण फुंकणाऱ्याला विचारा. बारीक नळीला हवा कमी लागते, सूर धारदार निघतो, गोंगाटातूनही ऐकू जातो. जाझ, सिनेमाची गाणी, मिरवणूक हा तिचा प्रांत. रुंद नळीचा आवाज गोल, भारदस्त. मोठ्या वाद्यवृंदात तो शोभतो, पण तिला छातीभर श्वास लागतो आणि तोही सतत. मधलं 13.3 च्या आसपासचं मापही मिळतं. दोन्हीकडे पाय ठेवणाऱ्यांना ते बरं.

मुलाला अर्थात मोठं वाद्य आवडलं. मोठ्या वाद्याची ऐट असते! त्याने एक लांब सूर धरला. सुरुवात छान झाली, पण मध्यावर सूर पसरला आणि शेवटी श्वासच संपला. उस्ताद म्हणाले, "नक्को मियाँ, बडा बाजा नक्को. पैले अपनी साँस देखो." (हैदराबादचं हे 'नक्को' आपल्या मराठीतून तिकडे गेलेलं आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.) बारीक नळीवर तोच सूर सरळ आणि शेवटपर्यंत टिकला. मास्तर इतका वेळ गप्प होते, ते हळूच म्हणाले, "सर, हे तर माझ्याच बाज्याचं माप हाय." खरंच, त्यांच्या कळांच्या ट्रॉम्बोनची नळीही बारीकच होती. मुलाची फुंक त्याच मापावर घडलेली.

मग मूळ भांडण निघालं. नळी की कळा?

मास्तरांची बाजू लेचीपेची नव्हती. वरातीत पुढे पोरं नाचत असतात, बाजूला दिव्यांचे गॅस किंवा झुंबरं धरलेल्या बाया-माणसं, रस्ता दहा फुटांचा. तिथे दोन फुटांची नळी कुणाच्या पाठीत घालायची? दुसरं म्हणजे द्रुत लयीतल्या गाण्यात बोटं जितकी पळतात तितका दंड पळत नाही. तिसरं, कळांची बोटं यूफोनियमला चालतात, ट्रंपेटलाही तीच रीत; एक वादक आजारी पडला तर दुसरा निभावून नेतो. भारतातच नव्हे तर इटली, चेक प्रजासत्ताक आणि दक्षिण अमेरिकेतही कळांचा ट्रॉम्बोन टिकून राहिला तो अशाच कारणांनी. त्याला कमअस्सल समजणाऱ्यांनी ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदातल्या हुआन तिझोलचं नाव आठवावं. 'कॅरव्हॅन' ही जगभर वाजलेली धून त्याची, आणि तो कळांचाच ट्रॉम्बोन वाजवायचा.

मुलाची बाजू त्याला शब्दांत मांडता येईना. म्हणून उस्तादांनी त्याला काहीतरी देशी वाजवायला सांगितलं. त्याने भीमपलास घेतला. वडिलांनीच शिकवलेला, लग्नात मंगलाष्टकांच्या आधी वाजवतात तेवढाच. कळांच्या ट्रॉम्बोनवर मध्यमावरून कोमल गंधारावर येताना पायरी उतरल्यासारखं होतं. नळीवर तो मध्यमावरून निघाला आणि मधली सगळी वाट दाखवत गंधारावर आला. गंधारही पेटीतला नव्हे, जरा खाली झुकलेला, जसा गवई लावतो तसा.

आपण किराणा घराण्याच्या मुलखातली माणसं. मिरजेला अब्दुल करीम खाँ राहिले, गदगचे भीमसेन जोशी आपल्या घराघरांत आहेत. मींड काय असते हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. मी मास्तरांना एवढंच म्हणालो की कळांचा ट्रॉम्बोन म्हणजे पेटी आणि नळीचा म्हणजे सारंगी. पेटीला कमी लेखायचं कारण नाही. ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये तिला बंदी घातली आणि 1971 नंतर ती उठवावी लागली. घराघरांतलं गाणं मधल्या काळात पेटीवरच चाललं होतं. पण पेटीकडे सारंगीची मींड मागता येत नाही. मास्तर काही बोलले नाहीत. मुलाला म्हणाले, "पुन्हा वाजव." त्याने पुन्हा वाजवलं. मग ते स्वतःशीच म्हणाले, "हे आपल्या कळांत न्हाई."

सारंगीचा तोटाही सांगायला हवा. नळीवर खुणा नसतात. कान कच्चा असेल तर प्रत्येक सूर किंचित बेसूर. कळांवर बोट बरोबर पडलं की निदान जवळपास तरी पोचतो. ज्यांना घरी शिकवणारा कुणी नाही आणि रोज तासभर बसण्याची सवय नाही, त्यांनी नळीच्या मोहात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

जुनं वाद्य तपासायची उस्तादांची पद्धत मला फार आवडली. सरकती नळी भोंग्यापासून सोडवून उभी धरायची. वरची तोंडं उघडी असताना बाहेरची नळी आपल्या वजनाने न अडखळता खाली आली पाहिजे. मग दोन्ही तोंडं अंगठ्यांनी घट्ट बंद करायची आणि कुणाला तरी ती वर ढकलून सोडायला सांगायची. आता ती झरकन खाली आली तर कुठेतरी हवा गळते. आतल्या नळीवरचा चकचकीत मुलामा उडालेला असेल तर ती पुढे घासतच राहणार. तोंडाजवळच्या नळीवर गुलाबी ठिपके दिसले तरी जपून. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त; ओलाव्याने जस्त झिजून जातं आणि मागे उघडं तांबं राहतं, तेच ते गुलाबी. (आपल्या बिदरी कामात बरोबर उलटं, जस्त भरपूर आणि तांबं नावापुरतं.) ट्रॉम्बोनच्या भोंग्याचं साधं पिवळं पितळ सत्तर टक्के तांब्याचं असतं; तांबं पंच्याऐंशी-नव्वद टक्क्यांवर नेलं की रंग लालसर आणि आवाज मऊ होतो असं वादक म्हणतात. पहिल्या वाद्याला त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. आणि नळीला खोबरेल तेल तर कधीच नको, थंडीत ते थिजतं. तिचं वेगळं मलम मिळतं, वर पाण्याचे चार थेंब शिंपडले की पुरे.

मेरठचं नवं वाद्य घ्यावं की परदेशी जुनं, हा प्रश्न बऱ्याच घरांत पडेल. मेरठच्या जली कोठी भागातून देशभरच्या बँडना वाद्यं जातात. नादिर अली कंपनी तर 1885 पासूनची. वरातीच्या धबडग्याला ती स्वस्त आणि दुरुस्तीला सोपी पडतात. सरकत्या नळीत मात्र कारागिरीचा कस लागतो, तिथे चांगल्या जपानी किंवा अमेरिकन बनावटीचं, नीट राखलेलं जुनं वाद्य मला उजवं वाटतं.

एक सूचना मुलींच्या पालकांसाठी. हे वाद्य पुरुषांचंच, असं काही नाही. अमेरिकेत मेल्बा लिस्टन ही बाई गेल्या शतकात मोठमोठ्या वाद्यवृंदांत ट्रॉम्बोन वाजवत होती आणि त्यांच्यासाठी रचनाही लिहीत होती. श्वास सरावाने वाढतो.

शेवटचा मुद्दा माउथपीसचा, ज्यावर लोक सगळ्यात कमी विचार करतात. ओठ टेकतो ते हे तुकडं. वाटी उथळ असली की वरचे सूर सोपे जातात, खोल असली की खालचे भरतात. प्रसिद्ध बाक कंपनीचे आकडे उलटे चालतात, आकडा लहान तितकी वाटी मोठी. दुकानात यावरून पुष्कळ घोटाळे होतात. शिवाय देठाची दोन मापं असतात, बारीक नळीला सहसा लहान देठ, रुंद नळीला मोठा. वाद्य बदलण्याआधी माउथपीस बदलून बघावा, खर्च कितीतरी कमी येतो. त्यावरचा चांदीचा मुलामा उडाला असेल तर ओठ चुरचुरतात, तो वापरू नये.

याच देठाने आमचं घोडं गंगेत न्हालं. बारीक नळीचा तो जुना ट्रॉम्बोन आणि मास्तरांचा कळांचा, दोघांचा देठ एकच. म्हणजे मुलाने एकच माउथपीस दोन्हीकडे वापरायचा, ओठांची सवय मोडायची नाही. भरतीच्या तयारीला नळी, सुट्टीत घरी आल्यावर वरातीला कळा. मास्तरांनी तरी एक शंका काढलीच, की मुलाने उद्या वरातीतही नळीच आणली तर? उस्ताद म्हणाले, फौजेत आम्ही ट्रॉम्बोनवाल्यांना पहिल्या रांगेत चालवतो, पुढे मोकळं असतं. मास्तर म्हणाले, "तुमच्या पुढे मोकळं असतं साहेब, आमच्या पुढे नवऱ्याचे मामा नाचत असतात."

व्यवहार दोन हप्त्यांत ठरला. निम्मे पैसे तिथेच, निम्मे तुळशीचं लग्न होऊन पहिल्या सुपाऱ्या हाती आल्यावर.