उगमाचा दाखला

श्रीलंकेतील माल भारतात करारातील सवलतीने आणायचा असेल, तर कोलंबोतील वाणिज्य विभागाने दिलेला उगमाचा दाखला, म्हणजे माल त्या देशात तयार झाल्याचे अधिकृत प्रमाणपत्र, आयातदाराला कस्टम्सपुढे ठेवावा लागतो. डिसेंबर 1998 मध्ये सही झालेला आणि 2000 मध्ये अमलात आलेला भारत-श्रीलंका मुक्त व्यापार करार प्रत्यक्षात या एका कागदावर चालतो. मालाची एफओबी किंमत, म्हणजे जहाजावर चढेपर्यंतची किंमत, 100 रुपये धरली, तर तिऱ्हाईत देशांतून आणलेल्या कच्च्या मालाचा वाटा 65 रुपयांच्या वर जाता कामा नये. शिवाय शुल्कसूचीतील चार अंकी शीर्षक कच्च्या आणि तयार मालासाठी वेगळे असावे लागते.

वनस्पती तुपाने या नियमाची खरी परीक्षा घेतली. पामतेलाचे शीर्षक 1511, हायड्रोजन मिसळून घट्ट केलेल्या तेलाचे 1516; भारतात पामतेलावर जबर शुल्क आणि श्रीलंकेत त्या मानाने हलके, त्यामुळे तेथे कारखाने उभे राहिले आणि तूप भारतात बिनशुल्क येऊ लागले. शीर्षक रीतसर बदलत होते, तरी येथील उत्पादकांची ओरड वाढली आणि अखेर वर्षाला अडीच लाख टनांची मर्यादा घालावी लागली.

बहुपक्षीय व्यवस्थेत उगम सिद्ध करण्याची ही यातायात नाही. 1947 च्या गॅट, म्हणजे शुल्क व व्यापारविषयक सर्वसाधारण कराराच्या पहिल्या कलमानुसार एका सदस्याला दिलेला दर सर्व सदस्यांना द्यावा लागतो. चोविसावे कलम मुक्त व्यापार करारांना यातून सूट देते, परंतु जवळपास सगळा आपसातील व्यापार शुल्कमुक्त करण्याच्या अटीवर. विकसनशील देशांना मात्र गॅट सदस्यांच्या 1979 च्या निर्णयाने सैल वाट मिळाली आणि भारत-श्रीलंका करार त्याच वाटेने गेला.

उगमाच्या दाखल्याचा भार छोट्या व्यापाऱ्यावर पडतो, ही गोष्ट करारांच्या चर्चेत फार क्वचित येते. सप्टेंबर 2020 पासून लागू झालेल्या भारतीय नियमांनुसार आयातदाराने उगमाविषयीची माहिती स्वतःजवळ बाळगून पाच वर्षे जपून ठेवायची असते, आणि परदेशी कारखानदार आपल्या खर्चाचा तपशील सहजासहजी देत नाही. सवलत दोन-तीन टक्क्यांचीच असेल, तर असा व्यापारी दाखल्याच्या वाटेला न जाता सर्वांना लागू असलेले शुल्क भरून माल सोडवतो. त्यामुळे तो सर्वसाधारण दर खाली आणणाऱ्या जिनिव्हातील बहुपक्षीय वाटाघाटी त्याच्या दृष्टीने कोणत्याही द्विपक्षीय करारापेक्षा अधिक मोलाच्या ठरतात.